चार बोटांचं माप

टक्.

दुपारच्या शांततेत तेवढाच आवाज झाला. सासूबाईंच्या मांडीवरून जाळं विणायची पट्टी घसरली आणि फरशीवर पडली. झोळीतल्या बाळानं दोन्ही हात एकदम फाकवले, ओठ काढले. झोळीची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली होती. ती जरा हलवली, तसं ते परत झोपलं.

सासूबाईंनी पट्टी उचलली नाही.

सकाळपासून घरात कोणी धड बोललं नव्हतं. एरवी या मागच्या खोलीत दुपारभर तोंडं चालू असतात. सासूबाई गाठी मारता मारता सगळ्या वस्तीची खबर घेतात, मी हो ला हो करते. माझी मोठी लेक मध्ये लुडबुडत असते. एका जागी बसलेली ती कुणाला आठवत नाही, म्हणून सगळे तिला खारू म्हणतात. लाकडी सुयांमध्ये दोरा भरून द्यायचं काम तिचं. अर्धी सुई भरते आणि पळते. आज तीसुद्धा भिंतीला टेकून बसली होती.

झालं होतं असं. सकाळी आमची होडी सगळ्यांच्या आधी किनाऱ्याला लागली. नेमके आजच मच्छीमार संस्थेचे चेअरमन ठोकळा घेऊन उभे होते. ठोकळा म्हणजे चार बोटं रुंदीचा, हाताळून गुळगुळीत झालेला लाकडाचा तुकडा. जाळ्याच्या भोकाला आम्ही आस म्हणतो. त्या आसातून हा ठोकळा आपल्या वजनानं खाली पडला पाहिजे. पडला तर जाळं बरोबर. माशांची पिल्लं त्यातून निसटतील, वाढतील. अडकला तर ते जाळं सगळ्यांदेखत कापायचं. ठोकळा पिढ्यांचा, पण हा नियम यंदाच किनाऱ्यानं मिळून केलेला, आणि करताना सगळ्यात मोठ्यानं बोलला होता तो माझा नवरा.

आमच्या जाळ्यात ठोकळा अडकला. चेअरमननी तो दुसरीकडे टाकून पाहिला, मग तिसरीकडे. बोटानं जरा ढोसलाही. माणूस वाईट नाही. पण बघायला गर्दी जमली होती. बाकीच्यांची जाळी मोजायची राहूनच गेली आणि संध्याकाळी लिलावाच्या शेडमध्ये बैठक ठरली.

ते जाळं मी आणि सासूबाईंनी विणलेलं. होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात ते सगळे महिने आम्ही या खोलीत होतो. पहिली ओळ खिळ्यांना टांगली तेव्हा बाळ पोटात होतं. शेवटची कड बांधली तेव्हा ते मान धरायला लागलं होतं. मधल्या काही गाठी मी कळा येत असताना मारल्यात. कुठल्या ते मला आजही दाखवता येईल, जरा जास्तच घट्ट आहेत.

खारूच्या शाळेत एकदा बाईंनी विचारलं होतं, घरी कोण काय काम करतं. खारू म्हणाली, "बाबा मासे धरतात, आजी आणि आई गाठी मारतात." वर्ग हसला. बाईंनी सुधारून सांगितलं, आई आणि आजी घरी असतात. मला तेव्हा त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं. घरीच तर असतो आम्ही.

पट्टी अजून फरशीवरच होती. बोटभर जाडीची, वितीएवढी, काळपट लाकडाची. दोऱ्याचा फेरा तिच्यावरून घ्यायचा, गाठ मारायची, पुढचा फेरा. पट्टी जेवढी रुंद तेवढं गाठीपासून गाठीपर्यंतचं अंतर. माप असतं ते तिच्यात. सासूबाईंना ती त्यांच्या सासूनं दिलेली. वस्तीत नवी सून आली की तिच्यासाठी नवी पट्टी कापतात आणि ती सासूबाईंच्या पट्टीवर ठेवून कापतात, असं कधीपासून चालत आलंय. कारण एकच, त्यांच्या हातचं जाळं कधी वाकडं गेलं नाही. माझी पट्टीही तशीच कापलेली. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती माझ्या हातात ठेवली होती आणि म्हणाल्या होत्या, "दागिना समज. फक्त हा घालून मिरवता यायचा नाही."

नवरा आणि धाकटे भाऊजी आले. दोघं दारातच उभे राहिले. ओल्या पायांनी या खोलीत यायचं नाही, ही सासूबाईंची ताकीद लहानपणापासूनची.

"आई, ठरलंय," नवरा म्हणाला. "दोरा आटला म्हणून सांगायचं. यंदा दोऱ्याची गुंडी नवीन दुकानातून आणली होती. पाणी लागल्यावर आटला."

"दुकानदाराला काय फरक पडतोय," भाऊजी म्हणाले. "तो काय बैठकीला येणार आहे? चेअरमनना पण कापायचं जिवावर आलंय. त्यांना एक कारण पाहिजे, आपण द्यायचं. हंगामभर सांभाळून घेतील."

मी विचारलं, "आणि कोणी विचारलं, विणताना नीट बघितलं नाही का, तर?"

"ते कोण विचारतंय?" नवरा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. खरंच कोणी विचारणार नव्हतं. "तू नको डोक्याला लावून घेऊस. तुमचं नाव मध्ये येणार नाही, आम्ही बघतो."

"चहा टाकू?"

"नको. जाळं शेडमध्ये नेतो आधी."

ते गेले. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या दोन्ही हात मांडीवर उलटे टाकून बसल्या होत्या. त्यांचे हात रिकामे असे मी फार कमी वेळा पाहिलेत. झोपेतसुद्धा बोटं हलतात त्यांची.

एवढ्यात खारूनं पट्टी उचलली. मी म्हटलं, "ठेव ती जागेवर." पण ती ऐकते थोडीच. ती झोळीजवळ गेली आणि बाळाच्या पाठीखालच्या जाळीवर पट्टी लावून मोजमोजीचा खेळ खेळायला लागली. झोळी म्हणजे जुन्या जाळ्याचा तुकडा. सासूबाई नव्या नवरी होत्या तेव्हा त्यांनी विणलेलं पहिलं जाळं. ते कधीचं संपलं, पण तेवढा तुकडा त्यांनी ठेवला. माझा नवरा त्यात झोपला, भाऊजी झोपले, खारू झोपली.

"आजी, ही छोटी झाली," खारू म्हणाली.

"कोण छोटी झाली?"

"पट्टी. या गाठीपासून त्या गाठीपर्यंत पोचतच नाही."

मी उठले. अंगठ्याची दोरी सोडायचं विसरले आणि बाळाला जोरात हिसका बसला. त्याला उचलून खांद्यावर टाकलं आणि वाकून पाहिलं. पट्टी एका गाठीला टेकवली तर दुसऱ्या गाठीच्या आधी फट राहत होती. नखाएवढी. दुसरीकडे लावली, तिथंही तेवढीच. माझी पट्टी आणून लावली. तिची फट जवळजवळ तशीच.

पट्टीच्या कडेवरून मी बोट फिरवलं. रोज हातात असते, पण असं बोट कधी फिरवलं नव्हतं. कड गोल झाली होती आणि तिच्यात बारीक बारीक खाचा होत्या, जिथून दोरा जातो तिथं. खारं पाणी आणि वाळू मुरलेला दोरा, वर्षानुवर्षं, एकेका फेऱ्यानं. लाकूड खाल्लं गेलं होतं. दर वर्षीचं जाळं आदल्या वर्षीच्या जाळ्यापेक्षा केसभर बारीक होत आलेलं, आणि केसभर कोणाच्या डोळ्याला दिसणार?

सासूबाईंनी पट्टी माझ्या हातातून घेतली. स्वतः लावून पाहिली. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी परत पाहिली.

"हा तुकडा सुती दोऱ्याचा," त्या हळूच म्हणाल्या. "सूत खरं आटतं. आटूनही हा मोठाच."

मनात एक विचार आला आणि तो मी लपवत नाही. म्हटलं, ही गोष्ट या खोलीतच राहू दे. दोरा आटला म्हटलं की जाळं वाचतंय. खरं सांगितलं तर जाळं जाईलच, वर या बाईची सगळी पत जाईल. उद्यापासून कोणी सून यांच्या दारात पट्टी घेऊन येणार नाही.

"आई, आपण नवीन पट्टी कापून घेऊ," मी म्हटलं. "गुपचूप. पुढचं जाळं बरोबर येईल."

"आणि बाकीच्यांच्या पट्ट्या? माझ्यावरूनच कापल्यात ना सगळ्या?"

"हळूहळू सांगू एकेकीला."

त्या हसल्या, पण बघण्यासारखं हसू नव्हतं ते. "पोरी, जाळं उतरवताना चांगला मासा निघाला की लोक म्हणतात, याचं जाळं नशीबवान. कोणाचं? तुझ्या नवऱ्याचं. त्याच्या आधी त्याच्या बापाचं. मी कधी काही म्हटलं नाही, म्हणायचं सुचलंच नाही. पण आज चुकलंय, तर ते दोऱ्यावर घालतायत. म्हणजे चूकसुद्धा माझी नाही. चूक तरी माझी म्हणू दे मला."

मग म्हणाल्या, "झोळी सोड."

"बाळ कुठं ठेवू?"

"खांद्यावर आहे की."

लिलावाच्या शेडला भिंती नाहीत, नुसते खांब आणि पत्रे. मधल्या बाकांवर पुरुष बसतात. बायका वजनकाट्याच्या बाजूला, टोपल्यांपाशी उभ्या राहतात. बसू नका असं कोणी सांगितलेलं नाही, पण बाकावर बसलेली बाईही कोणाला आठवत नाही. आम्ही पोचलो तेव्हा नवरा उभा राहून बोलत होता.

"गुंडी नवीन होती. पाणी लागल्यावर आटली असणार."

"नायलॉन आटतो होय रे?" मागून कोणीतरी म्हणालं.

"हलका माल असेल तर आटतो," भाऊजी म्हणाले.

"तुझं डोकं आटलंय," तोच आवाज. जरा हशा झाला. चेअरमननी हात वर केला. ते तोडगा काढण्याच्या बेतात होते, चेहऱ्यावर दिसत होतं.

सासूबाई टोपल्यांच्या मधून वाट काढत सरळ त्यांच्या टेबलाशी गेल्या. मी मागे, खांद्यावर बाळ, हाताला खारू.

"वहिनी, तुम्ही कशाला आलात?" चेअरमन म्हणाले. "पोरं आहेत की बोलायला."

"पोरांना काय माहीत? त्यांनी कुठं विणलंय ते."

"विणलं तुम्ही, पण जाळं त्यांचं."

"मासा धरताना त्यांचं असू दे. कापायचं असेल तर माझं आहे." त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. "दोरा आटलेला नाही. ही झिजलीय. माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं, आलं नाही."

नवरा म्हणाला, "आई, बस ना तू जरा."

"कुठं बसू?" त्यांनी विचारलं. तो बाकाकडे बघायला लागला. बाकावरचे दोघे जरा सरकले, पण त्या बसल्या नाहीत. त्यांनी झोळी पुढे केली. "हा माझ्या पहिल्या जाळ्याचा तुकडा. पट्टी लावून बघा."

चेअरमननी झोळी हातात घेतली आणि नाक मुरडलं. "याला वास येतोय."

"बाळाचा आहे. मोजा."

त्यांनी मोजलं. पट्टी लावली, उलटी करून लावली, मग ठोकळा टाकला. झोळीतून तो सुळकन खाली गेला आणि टेबलावर आपटला.

काट्याच्या बाजूनं आवाज आला, "म्हणजे माझी पट्टीपण तशीच असणार." चेअरमनच्या बायकोचा आवाज होता. तिला सगळे चेअरमनीणबाई म्हणतात आणि ती रागावत नाही. "लग्नात यांच्यावरूनच कापली होती."

"तू मध्ये बोलू नकोस," चेअरमन म्हणाले.

"मी मध्ये कुठं आहे? कडेलाच तर उभी आहे. आपलं जाळं आणा म्हणते, बघू तरी."

जाळं आणायला दोघं गेले. ते येईपर्यंत बायकांमध्ये कुजबुज चालू होती, कोणाची पट्टी कधी कापलेली, कोण आधी आली, कोण नंतर. चेअरमननी स्वतःच्या हातानं ठोकळा टाकला. तो अर्धा आत गेला आणि थांबला, दारात अडखळलेल्या पाहुण्यासारखा. चेअरमननी त्याला ढोसलं नाही. एवढं मात्र मानलं पाहिजे.

मग आणखी जाळी आली. काहींतून ठोकळा पडला, बऱ्याच जाळ्यांत अडकला. सगळीच कापायची तर किनारा उघडा पडेल, हे कोणी बोललं नाही पण सगळ्यांना कळलं. शेवटी असं ठरलं की कापायचं नाही. ज्या भागात आस बारीक तो उसवून नव्यानं विणायचा आणि तोवर होड्या वर. आणि इथून पुढे पट्ट्या कोणाच्या पट्टीवरून कापायच्या नाहीत. ठोकळ्याच्या मापानं सुतार कापून देईल, चेअरमनकडून घेऊन जायच्या.

"बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी आपली पट्टी उचलली आणि झोळीत गुंडाळली.

घरी जाताना नवरा माझ्या बाजूनं चालत होता. "आईचं नाव निघू नये म्हणून बोललो मी," तो म्हणाला. खरंच तसंच होतं, मला माहीत आहे. त्याच्या आवाजाला लहान मुलासारखी ओल होती.

सासूबाई पुढे होत्या. वळून न बघता म्हणाल्या, "माझं नाव आजवर निघालंच कुठं होतं रे?"

जाळं वाचलं. होड्या वर आहेत आणि आमच्या खोलीत परत खिळ्यांवर ओळी टांगल्यात. उसवायचं काम विणण्यापेक्षा वाईट. आपलीच घट्ट गाठ आपल्याच नखांनी सोडवायची. कळा येतानाच्या माझ्या गाठी सुटता सुटेनात. शेवटी दातांनी सोडवल्या.

सुताराच्या नव्या पट्ट्या आल्या. पांढऱ्या, करकरीत कडांच्या. माझ्या हाताला ती एक-दोन दिवसांत बसली. सासूबाईंच्या हाताला बसेना. त्या विणायच्या, दोन ओळी झाल्या की मी हळूच बघायची, आणि आस परत जुन्याच मापाची. पट्टी नवी, पण बोटं फेरा आवळताना जुन्या जागी जाऊन थांबायची. त्यांनाही कळायचं. त्या उसवायच्या आणि परत सुरू करायच्या. एका दुपारी त्यांनी उसवलं आणि परत सुरू केलं नाही. सुई माझ्याकडे सरकवली.

"दे, ती दोरी इकडे दे," म्हणाल्या.

मी झोळीची दोरी माझ्या अंगठ्यावरून सोडून त्यांच्या अंगठ्याला बांधली. बांधताना त्यांचा पाय हातात घेतला, तो थंड होता. मी जरा वेळ तसाच धरून ठेवला. त्यांनी धरू दिला.

नवरा हल्ली दुपारी घरीच असतो. परवा तो पाय पुसून आत आला, खारूच्या शेजारी बसला आणि सुयांमध्ये दोरा भरायला लागला. चांगला भरतो, खारूपेक्षा चांगला. बाहेरून कोणाची चाहूल लागली की सुई मांडीखाली सरकवतो आणि माणूस गेला की परत काढतो. सासूबाई बघतात आणि बघितलं नाही असं करतात. मीही तेच करते.

आज खारूनं जुनी पट्टी शोधून काढली होती. ती आता तिच्याच खेळण्यांत असते. तिनं ती माझ्या नव्या पट्टीवर ठेवली, मग बाजूला टाकली.

"बाबा, ही नवीन कशावरून कापली?"

"ठोकळ्यावरून."

"ठोकळा कोणी केला?"

"चेअरमन आजोबांच्या आजोबांनी."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? चार बोटांचं माप घेऊन," नवरा म्हणाला आणि सुईतला दोरा दातानं तोडला.

खारू उठली. टांगलेल्या जाळ्याच्या एका आसात तिनं आपली चार बोटं घातली, ती सैल पडली. मग आजीचा हात उचलून आणला आणि तिची बोटं घालून पाहिली, ती जेमतेम मावली. सासूबाईंनी हात ढिला सोडला होता. मग बापाचा हात आणला. त्याची चार बोटं आत गेली नाहीत, गाठींनी कातडीवर वळ उठले. तो म्हणाला, "अगं, दुखतंय." तिनं सोडून दिला.

मग ती माझ्याकडे आली आणि माझ्या मांडीवर हात टेकवून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी गाठ अर्धी ठेवली. झोळीची दोरीही थांबली होती.

"आई," ती म्हणाली, "चार बोटं म्हणजे कोणाची?"